वाघ न दिसल्याची नोंद

सात दिवसांत मी मोजणीपुरते २१ किलोमीटर चालले आणि त्या एकवीस किलोमीटरांत जे काही लिहिले त्यातला निम्म्याहून अधिक भाग ‘आढळले नाही’ या दोन शब्दांचा होता. परत आल्यावर प्रत्येकाने वाघाबद्दल विचारले, आणि वाघ दिसला नाही हे ऐकताच विचारणाऱ्याचा चेहरा असा होई, की जणू माझे पैसे बुडाले आहेत. पहिल्या दोन-चार वेळा मीही ओशाळून ठसे, विष्ठा, ओरखडे अशी भरपाई करू पाहिली. आता करत नाही. व्याघ्रगणनेसाठी स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्याच्या कामात न दिसण्याची नोंद ही दिसण्याच्या नोंदीइतकीच मोलाची असते, हे मला तिथे, तेही तिसऱ्या दिवशी, समजले. आणि त्याविषयीच लिहावेसे वाटते.

व्याघ्र प्रकल्प सातपुड्याच्या रांगांत आहे, एवढेच सांगते. निघण्यापूर्वी आमच्याकडून जे हमीपत्र लिहून घेतले होते त्यात गणनेतील माहिती, ठशांची छायाचित्रे आणि जागांचे अक्षांश-रेखांश कोणालाही द्यायचे नाहीत अशी अट होती, आणि ती मला पूर्णपणे पटलेली आहे. वाघ ज्या नाल्यावर पाणी प्यायला येतो तो नाला पर्यटकाला जितका हवा असतो तितकाच शिकाऱ्यालाही हवा असतो. डांबरी रस्ता सोडल्यावर जीपने अडीच तास आणि पुढे कोरडा नाला ओलांडून पाऊण तास पायी गेल्यावर आमची संरक्षण कुटी आली. दोन खोल्या, छतावर सौरदिव्याचे तावदान, भोवती तारेचे कुंपण, आणि कोपऱ्यात सतत खरखरणारा वायरलेस संच. मोबाइलचे नेटवर्क कधी गेले ते कळलेही नव्हते. त्या बीटच्या, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्याच्या, वनरक्षक तिशीच्या आतल्या एक बाई होत्या. त्यांना वनमजूर ‘मॅडम’ म्हणत आणि त्या आम्हा दोघी स्वयंसेविकांना ‘ताई’ म्हणत. वनमजुरांपैकी जे वयस्कर होते त्यांना सगळेच ‘दादा’ म्हणत. माझ्याबरोबरची दुसरी स्वयंसेविका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असे, आणि या लेखातले जे काही गणिती शहाणपण आहे ते तिच्याकडून उसने घेतलेले आहे.

कामाची रचना थोडक्यात सांगते. देशभरातील व्याघ्रगणना २००६ पासून दर चार वर्षांनी एका ठरावीक पद्धतीने होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था ती राज्यांच्या वन विभागांकडून करून घेतात. पहिल्या टप्प्यात प्रत्येक बीटमध्ये लोक पायी फिरतात. आधी तीन दिवस मांसाहारी प्राण्यांच्या खुणांचा शोध, रोज निदान पाच किलोमीटरची वेगळी वाट. त्यानंतर तीन दिवस, दोन किलोमीटरच्या आखून ठेवलेल्या सरळ रेषेवरून पहाटे चालत तृणभक्षी प्राण्यांची मोजणी, आणि त्याच रेषेवर झाडोऱ्याच्या व लेंड्यांच्या नोंदी. कॅमेरे लावण्याचा टप्पा त्यानंतरचा, आणि तो आमच्याकडे नव्हता. २०२२ च्या गणनेत देशभरात सगळ्यांची मिळून ही पायपीट ६ लाख ४० हजार किलोमीटरहून अधिक झाली. त्या आकड्याशेजारी माझे एकवीस किलोमीटर ठेवून पाहिले की स्वतःबद्दलचा उरलासुरला गैरसमज दूर होतो.

पहिल्या दिवशी आम्ही उजाडता उजाडता निघालो. खुणांची वाट निवडण्याचे काम वनरक्षकाचे असते, आणि ती निवडताना वाघाला सापडण्याची पुरेपूर संधी द्यायची असते: जुनी बैलगाडीची वाट, जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी साफ ठेवलेला पट्टा), नाल्याचे वाळूचे पात्र, दोन टेकड्यांमधली खिंड. वाघ काट्याकुट्यांतून उगाच चालत नाही. त्यालाही मऊ धूळ आवडते. मोबाइलवरील एम-स्ट्राइप्स हे ॲप सुरू केले की चाललेली वाट आपोआप नोंदली जाते, आणि खूण सापडली की ती कसली, कोणाची, ताजी की जुनी, कोणत्या जमिनीवर, हे भरून छायाचित्र जोडायचे. खूण म्हणजे पावलाचा ठसा, विष्ठा, जमिनीवर मागच्या पायांनी काढलेले ओरखडे, झाडाच्या सालीवरील नखांचे वार, क्वचित आवाज. प्रशिक्षणात हे सारे अर्ध्या दिवसात शिकवले होते आणि पडद्यावर मला सगळे ओळखू येत होते. प्रत्यक्ष जमिनीवर मात्र पहिल्या किलोमीटरभरात मी एका गुराच्या खुराला दोनदा वाकून पाहिले.

दादांची नजर पाहण्यासारखी होती. ते मान खाली घालून चालत नसत. पाच-सहा पावले पुढच्या जमिनीवर तिरकी नजर टाकत आणि सूर्य समोर असेल अशा बाजूने ठशाकडे जात, म्हणजे ठशाच्या कडेची सावली दिसते. कुत्र्याच्या आणि तरसाच्या पावलात नखे उमटतात, मांजरकुळातल्या प्राण्याची नखे आत ओढलेली असल्यामुळे उमटत नाहीत. वाघाच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोलाई दिसतात. बिबट्याचा ठसा तसाच पण लहान, आणि खरी पंचाईत म्हणजे मोठा बिबट्या व वाढीला लागलेला वाघाचा बच्चा यांच्या ठशांमधली. अस्वलाची विष्ठा मी तिसऱ्या दिवशी बऱ्यापैकी ओळखू लागले, कारण तिच्यात बिया आणि वाळव्यांचे अवशेष असतात. जाता जाता सांगते, रानातल्या माणसांना वाघापेक्षा अस्वलाची भीती अधिक वाटते. दाट झाडीच्या वळणावर दादा मुद्दाम खाकरत, काठी खडकावर आपटत, आणि मग पुढे होत.

पहिल्या दिवसाच्या पाच किलोमीटरांत बिबट्याची जुनी विष्ठा एके ठिकाणी, रानकुत्र्यांची एके ठिकाणी. वाघ नाही. दुसऱ्या दिवशी साडेतीन किलोमीटर झाले तरी काहीच नव्हते, आणि तेव्हा नाल्याच्या वळणावर, कोरड्या गाळावर, मला तो ठसा दिसला. म्हणजे ठशासारखे काहीतरी. मोठे होते. वाऱ्याने कडा ढासळल्या होत्या, वरून सांबराचा खूर पडला होता, आणि चारपैकी दोन बोटे जागेवर असावीत असे वाटत होते. मी गुडघे टेकून जितका वेळ त्याकडे पाहिले तितका तो वाघाचा होत गेला. दादांनी पाहिले, पलीकडे दहा-बारा पावले जाऊन दुसरे पाऊल शोधले, परत आले आणि काही बोलले नाहीत. वनरक्षक बाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, “ताई, मोठा प्राणी आहे एवढं नक्की. पुढचं नक्की नाही.”

मी युक्तिवाद केला. आकार पाहा, म्हटले. बिबट्या एवढा कुठून असणार, या बीटमध्ये वाघ आहेच असे तुम्हीच सांगितले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आहेच म्हणून लिहायचं, की दिसलं म्हणून लिहायचं?” तो ठसा नोंदला गेला नाही. त्या दिवसाच्या वाटेवर वाघाची एकही नोंद नाही. मला खरोखर राग आला होता हे कबूल करायला हवे. सुट्टी टाकून, पायाला फोड आणून, कपड्यांत कुसळे भरून घेऊन मी इतक्या दूर आले होते आणि माझ्या हातून वाघाची एक नोंद होऊ शकली असती, ती एका सावध मुलीने होऊ दिली नाही, असे मला वाटत होते.

तो राग संध्याकाळी कुटीच्या ओट्यावर उतरला, आणि तो उतरवणारी गोष्ट म्हणजे सरिस्का व्याघ्र प्रकल्पाची. मी ती पूर्वी वाचलेली होती, पण वाचलेले असणे आणि आपल्या दुपारच्या वागण्याशेजारी ती ठेवून पाहणे यांत फरक आहे. ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास पावलांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत बसवली होती. ठशावर काच ठेवून त्याची बाह्यरेषा उतरवायची, किंवा प्लास्टर ओतून साचा घ्यायचा, आणि प्रत्येक वाघाचे पाऊल वेगळे ओळखायचे. पद्धतीमागची निष्ठा खरी होती. पण एकाच वाघाचे पाऊल चिखलात एक दिसते, धुळीत दुसरे, आणि चालताना तिसरे. ठसा कोणाचा हे ठरवणे शेवटी पाहणाऱ्याच्या मनावर राहिले, आणि वाघ कमी दिसले तर जाब विचारला जाणार हे पाहणाऱ्याला ठाऊक होते. राजस्थानातील सरिस्कामध्ये २००४ साली कागदावर १६ ते १८ वाघ होते. २००५ च्या सुरुवातीला शोध घेतला तेव्हा तिथे एकही वाघ उरलेला नव्हता. शिकाऱ्यांनी ते संपवले होते. वाघ एकाएकी नाहीसे होत नाहीत. ते एकेक करून जात असताना कोणी ना कोणी त्या वाटांवरून चालत होते आणि रकाना भरत होते.

त्यानंतर पंतप्रधानांनी व्याघ्र कृती दल नेमले, सुनीता नारायण त्याच्या अध्यक्ष होत्या, जुनी पद्धत मोडीत निघाली आणि कॅमेऱ्यांवर व संख्याशास्त्रावर आधारलेली आजची पद्धत आली. २००२ च्या गणनेत देशातील वाघांची संख्या ३,६४२ दाखवली होती; नव्या पद्धतीचा २००६ चा पहिला अंदाज १,४११ निघाला. दोन्ही पद्धती वेगळ्या असल्यामुळे या आकड्यांची वजाबाकी करून ‘इतके वाघ मेले’ असे म्हणता येत नाही, तरीही जुन्या आकड्यातले किती वाघ माझ्या त्या ढासळलेल्या ठशासारखे असतील, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना. थंडीही होतीच.

संख्याशास्त्राच्या आमच्या बाईंनी तिसऱ्या दिवशी चालता चालता याची दुसरी बाजू सांगितली, आणि तिथे माझे खरे शिक्षण झाले. ‘नाही’ आणि ‘सापडले नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजची पद्धत त्यांतले अंतर मोजण्यासाठीच आखलेली आहे. समजा, एखाद्या क्षेत्रात वाघ आहे आणि एका वाटेवर चालून त्याची खूण सापडण्याची शक्यता निम्मी आहे. एकदाच चाललात तर तो निसटण्याची शक्यता निम्मी. तीन वेगवेगळ्या वाटा चाललात तर तिन्हींवर तो निसटण्याची शक्यता एक-अष्टमांश. म्हणून एकाच बीटमध्ये तीन वाटा. आता या तीनपैकी एका वाटेवर खूण सापडली आणि दोन वाटांवर सापडली नाही, तर त्या दोन कोऱ्या वाटांवरूनच कळते, की वाघ असूनही तो किती सहज निसटतो. त्या कोऱ्या वाटा कोणी उत्साहाने भरून टाकल्या तर त्या एका बीटमध्ये खोटा वाघ येतो इतकेच होत नाही; निसटण्याचे मापच बिघडते आणि ज्या बीटमध्ये प्रामाणिकपणे काहीच सापडले नाही तिथला हिशेबही चुकतो. हे ऐकल्यावर मी वनरक्षक बाईंकडे पाहिले. त्या पुढे चालत होत्या आणि त्यांनी यातले काही ऐकले नसावे. त्यांना ते माहीत असण्याची गरजही नव्हती.

तिसऱ्या दिवशीच्या वाटेवर, चौथ्या किलोमीटरला, जाळरेषेच्या मऊ मातीत वाघाच्या पावलांची स्वच्छ रांग मिळाली. सोळा पावले सलग. कोणी काही बोलण्यापूर्वीच कळत होते, आणि आदल्या दिवशीच्या त्या गाळातल्या आकृतीशी मनात तुलना करताच लाज वाटली. छायाचित्र, मोजपट्टी, नोंद. दोन मिनिटांत काम संपले आणि आम्ही पुढे निघालो. इतर कोणत्याही लेखात हा प्रसंग पानभर रंगवला गेला असता.

चौथ्या दिवसापासून रेषा सुरू झाली. आखलेल्या रेषेवर माणूस वाट शोधत नाही. साग, ऐन, धावडा, बांबू जे मध्ये येईल त्यातून सरळ जायचे, कारण आपल्याला सोयीची वाट निवडली की ती प्राण्यांच्याही सोयीची किंवा गैरसोयीची असते आणि मोजणी झुकते. शांतपणे चालायचे, प्राणी दिसला की थांबायचे, कंपासने दिशा आणि अंतरमापकाने अंतर घ्यायचे, कळपातील संख्या लिहायची. माझी पहिली नोंद मी बिघडवली. डावीकडे चितळांचा कळप दिसला, मी मोजण्याच्या नादात दोन पावले पुढे सरकले, कळप उधळला, आणि मी जिथे ते थांबले होते तिथले अंतर घेतले. प्रशिक्षणात बजावून सांगितले होते की अंतर घ्यायचे ते प्राणी पहिल्यांदा जिथे दिसला त्या जागेचे, कारण रेषेपासून दूर जावे तसे प्राणी दिसण्याचे प्रमाण कसे घटते यावरच न दिसलेल्या प्राण्यांचा अंदाज उभा असतो. घाबरून पळालेले प्राणी पळालेल्या जागी मोजले तर रेषेजवळ प्राणी कमी आणि दूर जास्त, असे उफराटे चित्र तयार होते. सुदैवाने ते आधी ज्या मोहाच्या झाडाखाली उभे होते तो मोह जागेवरच होता. दादांनी बोटाने दाखवला, त्याचे अंतर घेतले.

त्या दिवशी दोन किलोमीटरांत तीन नोंदी झाल्या. पाचव्या दिवशी त्याच रेषेवर, त्याच वेळी, एक भेकर. मला वाटले आज दिवस वाया गेला, आणि लगेच आठवले की वाया गेलेला दिवस ही कल्पनाच इथे लागू नाही.

रेषेवरून परतताना दर ४०० मीटरवर थांबून जे करायचे ते काम मला सर्वांत आवडले, आणि स्वयंसेवकाला खऱ्या अर्थाने झेपणारे कामही तेच आहे असे माझे मत झाले. पंधरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कोणती झाडे, कोणती झुडपे, परकीय तणे किती, लाकूडतोडीच्या वा गुरे चारण्याच्या खुणा आहेत का. जमिनीलगत गवत किती, पाचोळा किती, उघडी माती किती. मग दोन मीटर रुंद आणि वीस मीटर लांब पट्टी आखून तिच्यातल्या लेंड्या मोजायच्या. सांबराची लेंडी, चितळाची लेंडी, सशाची लेंडी, गव्याचे शेण. हातात काडी घेऊन पाचोळा उलटत, गुडघ्यांवर रांगत वीस मीटर जायला अर्धा तास लागतो. पट्टीत काहीच मिळाले नाही तर तसे लिहायचे आणि पुढच्या वर्तुळाकडे निघायचे. या कामाला धाडस लागत नाही, नजरही फारशी लागत नाही. चिकाटी आणि कंटाळा सहन करण्याची ताकद मात्र लागते.

एक रकाना असा होता की जिथे मला शून्य लिहायला आवडले असते आणि लिहिता आले नाही. घाणेरी. पाचपैकी चार वर्तुळांत ती होती, आणि एका वर्तुळात तर आत शिरायला दादांना काठीने वाट पाडावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेची शोभा म्हणून भारतात आणलेले हे अमेरिकेतले झुडूप आता साऱ्या रानांत पसरले आहे. व्याघ्रगणनेतल्या अशाच वर्तुळांच्या नोंदींचा आधार घेऊन २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने देशातील वाघांच्या अधिवासापैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर तिचा वावर असल्याचे दाखवले. तिच्याखाली गवत वाढत नाही. गवत नसले की चितळ येत नाही. पुढचे सांगण्याची गरज नाही. वाघ शोधायला निघालेल्या माणसाने तासन् तास झुडपांची टक्केवारी का लिहावी, या माझ्या मनातल्या तक्रारीचे उत्तर मला त्या काटेरी जाळीत ओरखडे घेत मिळाले.

पाचव्या दिवशी दुपारी एक गंमत झाली. नाल्याकाठच्या वठलेल्या सागावर भर उन्हात एक पिंगळा बसला होता. दिवसाढवळ्या बसलेला पिंगळा आणि सातपुड्याचे सागवन, एवढे पुरेसे होते. आम्हा दोघींच्या तोंडून एकदमच ‘रानपिंगळा?’ असे निघाले. दुर्बिणीतून पाहिले तर डोक्यावर पांढरे ठिपके स्वच्छ दिसत होते. रानपिंगळा या दिवसा वावरणाऱ्या दुर्मिळ घुबडाच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. आमचा होता तो साधा ठिपकेदार पिंगळा, जो गावातल्या चिंचेवरही दिसतो.

पण त्या निमित्ताने ओट्यावर रानपिंगळ्याची गोष्ट निघाली, आणि ती सरिस्काच्या गोष्टीची धाकटी बहीण आहे. या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केले. १८८४ नंतर मात्र तो कोणाला सापडला नाही. अपवाद फक्त एका नोंदीचा: ब्रिटिश लष्करी अधिकारी रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ तो मिळवल्याचे सांगितले होते. पुढे अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुने तपासले तेव्हा उघड झाले, की माइनर्ट्झहागेन यांनी जुना, दुसऱ्याने गोळा केलेला नमुना चोरून त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. त्या खोट्या चिठ्ठीमुळे शोध भलत्याच जागी वळत राहिला होता. रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला सारली, उरलेल्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ, ११३ वर्षांनी, रानपिंगळा पुन्हा सापडला. मेळघाटातही तो नंतर आढळला. दरम्यानच्या काळात ज्यांनी ज्यांनी शोधून ‘मिळाला नाही’ असे लिहिले त्यांच्या नोंदी खऱ्या होत्या. दिशाभूल केली ती ‘मिळाला’ या एका नोंदीने.

एवढे सगळे ऐकून अशा कामाला जावेसे कोणाला वाटले तर माझे मत विचारात घ्या. स्वयंसेवकांवाचून गणना अडत नाही. वनरक्षक आणि वनमजूर ती आपल्या बळावर करतात. आम्ही नसतो तरी त्या तीन वाटा आणि ती रेषा चालली गेलीच असती. आमचा उपयोग असलाच तर तो दोन प्रकारचा: लिहिण्याचे, बॅटऱ्या सांभाळण्याचे, पट्टी धरण्याचे काम हलके होते, आणि रकाना भरताना बाहेरचे एक डोळे तिथे असतात. बाहेरचे डोळेही फसवू शकतात हे मी वर सांगितलेच आहे. जिथे स्वयंसेवकाला पिल्लांना दूध पाजायला, प्राण्यांबरोबर छायाचित्र काढून घ्यायला देतात, तिथे संवर्धनाचे काम चालत असेल यावर माझा विश्वास बसत नाही; दक्षिण आफ्रिकेत सिंहाचे छावे अशा हौशी हातांनी वाढवून पुढे बंदिस्त शिकारीसाठी पुरवल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. सात दिवसांत आम्हाला कशालाही हात लावू दिला नाही, सुगंधी साबण वापरू दिला नाही, कुंपणाबाहेर एकटीने जाऊ दिले नाही, आणि हे सगळे मला प्रकल्प चांगला असल्याचे लक्षण वाटते.

कॅमेऱ्यांच्या टप्प्यातही हिशेब फारसा वेगळा नसतो. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि त्यांत ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे निघाली. त्यांतली वाघांची ७६,६५१. म्हणजे साधारण साडेचारशे छायाचित्रांमागे वाघाचे एक. बाकीच्यांत चितळ, सांबर, गुरे, माणसे, पाने, गवत, आणि कॅमेऱ्याला उगाच चाहूल लागल्याने टिपलेली रिकामी वाट. त्याच गणनेत बक्सा, डंपा आणि पलामू या तीन व्याघ्र प्रकल्पांत एकही वाघ आढळला नाही आणि अहवालात तसे छापले गेले. व्याघ्र प्रकल्पात वाघ नाही हे छापायला काय लागत असेल, याची कल्पना सरिस्काची गोष्ट माहीत असणाऱ्याला येईल. बक्सामध्ये डिसेंबर २०२१ मध्ये एका कॅमेऱ्यात पुन्हा वाघ आला. आधीचे शून्य खरे होते, म्हणून त्या एका छायाचित्राची बातमी झाली.

सहाव्या दिवशी रेषेची तिसरी आणि शेवटची फेरी होती. धुके होते, पन्नास मीटरच्या पलीकडचे दिसत नव्हते, आणि आम्ही धुके विरळ होईपर्यंत रेषेच्या सुरुवातीला उभे राहिलो. मग चाललो. पहिल्या ४०० मीटरांत काही नाही. दुसऱ्यात एक वानर ओरडले, पण दिसले नाही. ऐकू आलेले रेषेवरच्या मोजणीत धरत नाहीत. तिसऱ्यात काही नाही. दीड किलोमीटरच्या पुढे, बांबूच्या बेटात, काहीतरी जड, सावकाश, आमच्यापासून दूर गेले. बांबूची टोके हलली आणि स्थिर झाली. आम्ही चौघेही थांबलो. गवा असावा, सांबर असावे. त्या क्षणी माझ्या मनात आणखीही एक नाव आले, ते मी उच्चारले नाही.

बराच वेळ थांबून वनरक्षक बाईंनी माझ्याकडे पाहिले. वही त्या दिवशी माझ्याकडे होती.

“दिसलं का काही, ताई?”

“नाही,” मी म्हटले, आणि काही न लिहिता पेन खिशात ठेवले. दादा पुढे निघाले होते. दोन किलोमीटर पूर्ण व्हायला अजून तीनशे-चारशे मीटर बाकी होते.